वेरूळहून माघारी फिरू नका: गौताळा-पितळखोऱ्याची दोन दिवसांची आखणी

आमच्या संभाजीनगरात पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला. पहिल्या दिवशी मकबरा आणि पाणचक्की, दुसऱ्या दिवशी दौलताबाद, भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर, आणि दिवेलागणीला घरी. वेरूळच्या पुढे काय आहे हे विचारणारा पाहुणा विरळाच. खरं तर तिथून गाडी न वळवता धुळ्याच्या दिशेने सरळ नेली, की तीसेक किलोमीटरवर कन्नड लागतं, आणि कन्नडच्या उत्तरेला मराठवाडा एकदम संपतो. अक्षरशः संपतो. पायाखालचं पठार तुटतं आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. या तुटलेल्या कडेवरचं जंगल म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. थोडं आपल्या कन्नड तालुक्यात, थोडं जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात.

पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी, विशेषतः लातूर, बीड, परभणी, नांदेडकडून घरच्यांना घेऊन येणाऱ्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः पहिली खेप पार वाया घालवली होती. ते पुढे येईलच.

आधी मनाची तयारी

"वाघ दिसतो का?" हा पहिला प्रश्न असतो. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ दिसला, हे खरं. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो इथवर आला होता. कित्येक दशकांनी या डोंगरात वाघ आला म्हणून केवढी चर्चा झाली. पण तो तुम्हाला दिसेल या आशेवर निघू नका. बिबट्या आहे, तोही सहसा दिसत नाही. वानरं नक्की दिसतील, मोर ऐकू येतील, नशीब असेल तर नीलगाय रस्ता ओलांडेल. इथे यायचं ते पाणी, कडे, झाडी आणि कातळात कोरलेली लेणी यांच्यासाठी. ताडोबासारखी जिप्सी, गाईड आणि "काल इथेच दिसला होता" हे ऐकायचं असेल तर ताडोबालाच जा.

दुसरं म्हणजे एका दिवसात उरकायचा हट्ट सोडा. वेरूळ, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी, गौताळा, अंतूर किल्ला, पाटणादेवीचं देऊळ अशी यादी घेऊन सकाळी निघालेल्या गाड्या मी बघतो. संध्याकाळी त्यांच्या मोबाइलमध्ये पाच ठिकाणांच्या पाट्या असतात, बाकी काही नसतं.

कधी जायचं

माझं मत स्पष्ट आहे: पोळा ते दसरा. जूनमध्ये पाऊस पडला तरी डोंगर तहानलेला असतो, पडेल ते पाणी पिऊन टाकतो. धबधबे धरायला जुलैचा उत्तरार्ध उजाडतो. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवळ आणि धुकं झकास असतं, पण धुक्यात कड्यावरून खालचं काही दिसत नाही, आणि रविवारी तर माणसंच माणसं. पोळ्यानंतर पाऊस उघडझाप करायला लागतो. पाणी वाहतं असतं, आभाळ अधूनमधून मोकळं होतं, उतारावर तेरडा आणि सोनकी फुललेली असते. दसऱ्याच्या आसपास सीताफळं येतात, तो वेगळा फायदा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ किल्ल्यांसाठी आणि पक्ष्यांसाठी उत्तम. धबधबे मात्र विसरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा एकदा तरी बघावं. एप्रिल-मे मध्ये जाऊ नका. सगळं पानगळीचं जंगल आहे, झाडांचे सांगाडे उभे असतात आणि ऊन डोक्यात जातं.

वार निवडणं महिन्याइतकंच महत्त्वाचं. श्रावणात शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रीघ असते, सोमवारी घृष्णेश्वराला. त्या दिवशी हा रस्ता टाळा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. सहलीला वेरूळ जोडायचं असेल तर बुधवार-गुरुवार धरा. सुटी फक्त शनिवार-रविवारचीच मिळत असेल, तर निदान श्रावण संपू द्या.

पोहोचायचं कसं, उतरायचं कुठे

संभाजीनगर ते कन्नड साधारण साठ किलोमीटर. सोलापूर-धुळे हा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गल्लेबोरगाव, हतनूर करत कन्नडला येतो. नांदेड, परभणी, जालन्याकडून येणाऱ्यांनी रेल्वेने संभाजीनगर गाठावं आणि पुढे एसटी किंवा भाड्याची गाडी घ्यावी. नाशिक-मुंबईकडच्या नातेवाइकांना सांगा की चाळीसगाव जंक्शनला उतरा. तिथून घाट चढला की कन्नड.

एसटीने कन्नडपर्यंत येणं सोपं आहे. पुढचं सगळं आडवळणाचं. कन्नडच्या स्टँडबाहेर रिक्षा किंवा जीप दिवसाच्या बोलीवर ठरवता येते. जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं सगळं आधीच बोलून घ्या, "तुम्ही द्याल ते" यावर बसू नका. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल कन्नडलाच भरून घ्या.

मुक्कामाला कन्नडमध्ये साधी लॉज आहेत. साधी म्हणजे साधीच. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर वेरूळ-खुलताबादला खोली घेऊन सकाळी लवकर निघणं बरं. वन विभागाच्या विश्रामगृहात राहायचं असेल तर संभाजीनगरच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयातून आधी परवानगी घ्यावी लागते. ऐनवेळी गेटवर जाऊन विनवण्या करून काही होत नाही.

घाटाबद्दल दोन गोष्टी. औट्रम घाट हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. १८२५ नंतर त्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली होती. गावची माणसं मात्र कन्नड घाट किंवा चाळीसगाव घाटच म्हणतात, रस्ता विचारताना तेच म्हणा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसात या घाटात दरडी कोसळून गाड्या अडकल्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद केला. छोट्या गाडीवाल्याला त्याने हायसं वाटलं, तरी जोराच्या पावसात आणि रात्री घाटात शिरू नका. निघायच्या आदल्या दिवशी कन्नडमधल्या लॉजवाल्याला फोन करून "घाट चालू आहे ना?" एवढं विचारा. हवामानाच्या ॲपपेक्षा त्याचं उत्तर जास्त खरं असतं.

पिशवीत काय

पकड असलेले बूट, ही पहिली आणि शेवटची अट. चपला, सँडल, नवेकोरे गुळगुळीत तळव्याचे बूट, काही चालत नाही. ओल्या काळ्या दगडावर हिरवं शेवाळ असतं, दिसतही नाही आणि माणूस बसलेला असतो. माणशी दोन लिटर पाणी, टॉर्च, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाइल, कोरडे कपडे गाडीत. बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. गेटवर सुटे पैसे लागतात.

खाण्यासाठी धपाटे. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि एखादा कांदा असला की हॉटेल शोधायची गरज नाही. कन्नडला पिठलं-भाकरी, ठेचा सगळं मिळतं, पण जंगलात आणि लेण्यांजवळ काही मिळेल असं धरून चालू नका. कुरकुऱ्यांची पाकिटं नेऊच नका; वानरं ती हातातून ओढतात आणि उरलेला कागद नाल्यात जातो.

अत्तर, सेंट लावून येऊ नका. इथल्या कड्यांना आग्यामोहळं असतात. वास, धूर आणि आरडाओरडा यांपैकी एकही त्यांना खपत नाही.

पहिला दिवस: पितळखोरा, आणि तोही सकाळीच

आता माझी फजिती. लातूरहून मामा-मामी आले होते, ऑगस्टातला रविवार. चहा-पोहे, आवराआवर करत अकराला निघालो. वेरूळला "आलोच आहोत तर" म्हणून थांबलो, कन्नडला जेवलो, पितळखोऱ्याच्या वरच्या पठारावर पोहोचलो तेव्हा चार वाजत आले होते. आमच्या डोक्यावर ऊन होतं. पायऱ्यांच्या तोंडाशी एक वयस्कर चौकीदार बसले होते. ते म्हणाले, "आता खाली नका जाऊ. तिकडं वर बघा, काळं झालंय." आम्हाला वाटलं, काका उगाच घाबरवतायत. मामा तर चिडलेच, "इतक्या लांब आणलास अन् वरूनच माघारी चाललास की रे!" आम्ही थांबलो ते वाद घालण्यात वेळ गेला म्हणून. वीसेक मिनिटांत खालच्या नाल्याचा आवाज बदलला. आधी झुळझुळ होती, मग घरघर झाली. पाण्याचा रंग चहासारखा झाला आणि जे दगड ओलांडून लोक पलीकडे गेले होते ते दिसेनासे झाले. आमच्यावर थेंबही पडला नव्हता. पलीकडे अडकलेल्या दोन पोरांना पाणी उतरेपर्यंत तासभर तिथेच बसून राहावं लागलं.

तेव्हापासून माझा नियम: दरीतलं ठिकाण सकाळी, उघड्यावरचं ठिकाण दुपारी. पाऊस बहुधा दुपारनंतर जमतो, आणि दरीत उभ्या माणसाला वरचं आभाळ दिसत नाही. पाणी अचानक गढूळ झालं किंवा त्यात काटक्या-पाला वाहत आला, तर फोटो अर्धवट सोडून उंच जागी या.

संभाजीनगरहून सहाला निघालात तर नऊच्या आत पोहोचता. कन्नडहून कालीमठाच्या रस्त्याने जायचं. लेणी वरून दिसत नाहीत. पठारावरून चालत गेलं की अचानक जमीन फाटलेली दिसते आणि पायऱ्या त्या फटीत उतरतात. शेजारून ओढ्याचं पाणी कड्यावरून खाली झेपावतं. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना नव्हे, चढताना किती वेळ लागेल याचा हिशेब करावा.

इथे एकूण चौदा लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली. वेरूळपेक्षा कितीतरी जुनी. वेरूळच्या भव्यतेची अपेक्षा ठेवली तर मात्र हिरमोड होईल: इथला दगड भुसभुशीत, पाणी झिरपून पुष्कळ ढासळलेला, काही ठिकाणी पुरातत्त्व खात्याने सिमेंटने सावरलेला. म्हणून काय बघायचं ते आधी माहीत हवं.

तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, आधी बघा. खांबांवर ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. एक लेख पैठणच्या मितदेवाचा. तो गंधी, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापारी होता. पैठणहून इथवर येऊन त्याने खांबाचा खर्च उचलला. आपल्याकडे देवळातल्या फरशीवर "अमुक यांचे स्मरणार्थ" असतं ना, तोच प्रकार, फक्त दोन हजार वर्षांपूर्वीचा. खांबांवर नंतरच्या काळात रंगवलेल्या बुद्धाच्या आकृतीही आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं गप्प उभं राहा, मग रंग दिसायला लागतात. टॉर्चचा झोत चित्रांवर रोखून धरू नका, आणि भिंतीला हात लावू नका.

मग शेजारचं चौथं. पायथ्याशी हत्तींची रांग आहे, नऊ हत्ती, जणू आख्खा विहार, म्हणजे भिक्षूंचं राहण्याचं लेणं, पाठीवर घेऊन उभे. दाराशी द्वारपाल, पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग. त्या फण्यांतून वरचं पाणी पडावं अशी सोय कारागिरांनी केली होती. इथल्या दानलेखात मगिल नावाच्या राजवैद्याचं नाव येतं. १९५० च्या दशकात इथला राडारोडा उपसताना यक्षाची एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची मूर्ती सापडली. तिच्या तळहातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कण्हदास, आणि धंद्याने तो सोनार. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, इथे शोधत बसू नका. कोरलेल्या दगडावर सोनाराचा हात कसा फिरतो ते बघायचं तर हत्तींच्या अंगावरचे दागिने बघा. माझी खात्री आहे, या टोळीत आणखी सोनार असणार. पण हे माझं मत, पुरावा नव्हे.

नाल्याच्या पलीकडे आणखी लेणी आहेत, त्यांत स्तूप आहेत. पाणी पायाच्या घोट्यापेक्षा वर असेल तर पलीकडे जाऊ नका. इथून दरीतूनच खाली पाटणादेवीकडे उतरणारी वाट आहे. पावसाळ्यात माहीतगार सोबत असल्याशिवाय ती धरायची नाही. पाटणादेवीला जायचंच तर घाट उतरून गाडीने जा. देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याची ती नोंद. गणिताचे मास्तर घरात असतील तर त्यांना हे आधी सांगू नका, तिथे नेऊनच दाखवा.

निघण्याआधी पठारावर एक गोष्ट करा. हा ओढा उत्तरेला कोसळतो, गिरणेला मिळतो, गिरणा तापीला, तापी अरबी समुद्राला. आणि इथून थोड्याच अंतरावर, कन्नडच्या बाजूला पडलेला पाऊस शिवना नदीतून गोदावरीत, पैठणच्या नाथसागर धरणात, आणि पुढे पार बंगालच्या उपसागरात. पोरांना पाठ फिरवून उभं करा आणि विचारा, कुठल्या बाजूचं पाणी पैठणला जाईल? भूगोलाचा तास दोन मिनिटांत होतो.

दुसरा दिवस: गौताळा

कन्नडहून हिवरखेड्याच्या बाजूने आत जाता येतं. कन्नड-नागद रस्ता जंगलातूनच जातो. गेटवर नोंद करा, ओळखपत्र ठेवा, गाडीचे आणि माणसांचे पैसे भरून पावती घ्या. उजाडताच पोहोचलात तर पक्ष्यांचा आवाज तुमचाच असतो. दहानंतर गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. गाणी लावून येणाऱ्यांना काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

सीताखोरीला कड्याच्या कडेवरून दरीत पडणारं पाणी बघायला मिळतं. कठड्याच्या आत राहा, सेल्फीसाठी दगडावर चढू नका. गौताळा तलावाजवळ मात्र निवांत बसा, तासभर तरी. धपाटे इथेच उघडावेत असं मला वाटतं, कागद-पिशव्या परत न्यायच्या बोलीवर. झाडं ओळखायचा नाद असेल तर अंजन, सालई, धावडा, मोह, बेहडा शोधा. सालईची साल कागदासारखी सुटते, ती लहान मुलांना चटकन ओळखता येते. चंदनाचीही झाडं इथे आहेत, आणि त्यांच्यावर चोरांचा डोळा असतो. म्हणून वनरक्षकाने थांबवून गाडी तपासली तर कपाळाला आठ्या घालू नका. अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं.

चालायची हौस असणाऱ्यांनी दुपारनंतर गौताळ्याऐवजी अंतूर किल्ला धरावा, तोही कोरड्या दिवशी. नागापूरकडून जायचं, शेवटचा टप्पा गाडीची परीक्षा बघतो, बऱ्याचदा चालतच गेलेलं बरं. एकामागून एक दरवाजे, फारसी शिलालेख, आणि तटावरून खालचा खानदेश. किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीतला एक चौकोनी दगडी खांब आहे, चारही बाजूंना फारसीत कुठला रस्ता कुठे जातो ते कोरलेलं: दौलताबाद, अहमदनगर, चाळीसगाव, बऱ्हाणपूर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आताच्या पाट्या बघत दोनदा चुकलो आणि नेमका या खांबापाशी येऊन थांबलो. मला फारसी येत नाही, हा भाग वेगळा.

परतताना

कन्नड-खुलताबादचा पट्टा अद्रकीचा. ओली अद्रक मातीसकट विकायला असते, शहरापेक्षा ताजी. पिशवीभर घ्या, पण गाडीच्या डिकीतच ठेवा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत सगळ्यांना शिंका. दसऱ्याच्या सुमारास सीताफळांच्या पाट्या रस्त्याकडेला दिसतात. डोळे उघडलेली, पण अजून कडक असलेली फळं निवडा. मऊ घेतली तर दौलताबादच्या वळणाआधीच त्यांचा लगदा होतो.